हापूसची साइट आणि अलेक्साचा आकडा : कामाच्या नोंदी

१८ ऑक्टोबर २०२१, सोमवार

दसरा झाला, काम सुरू. देवगड तालुक्यातले आंबा बागायतदार, सहाशेच्या आसपास कलमं, स्वतःची साइट चार वर्षांपासून. त्यांना मी काका म्हणतो. फोन, व्हॉट्सॲप आणि पार्सलचा सगळा व्याप त्यांच्या सूनबाई सांभाळतात, त्या वहिनी. मला दिलेलं काम एका ओळीचं: मार्चमध्ये हंगाम सुरू व्हायच्या आत साइट गुगलवर वर आली पाहिजे.

काकांनी आधीच्या एजन्सीचा रिपोर्ट पाठवला. एकच पान. वर लोगो, खाली अलेक्सा रँकचा (जगभरच्या साइटना गर्दीनुसार क्रमांक देणाऱ्या सेवेचा) आलेख, बाजूला हिरवा बाण. साइट कुठल्या शोधावर दिसते, किती लोक आले, ते कशासाठी आले, यातलं काहीच नाही. पण काकांना तोच रिपोर्ट पसंत आहे. आकडा एकच, आणि तो खाली आला की चांगलं. शाळेतल्या नंबरासारखा.

मला कामाची गरज होती, म्हणून त्यांनी सांगितलेलं कलम करारात राहू दिलं: अलेक्साचा जागतिक रँक ३० एप्रिलला १० लाखांच्या आत असेल तरच तिसरा हप्ता. आजचा रँक ४१ लाख ३६ हजार. काकांकडे सहाशे सरळ कलमं आणि माझ्याकडे हे एक वाकडं.

रँक रोज बघता यावा म्हणून क्रोममध्ये अलेक्साचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, टाकलं. वहिनींनाही बघायचा होता, एनीडेस्कवरून त्यांच्या लॅपटॉपवर टाकून दिलं.

२६ ऑक्टोबर

सर्च कन्सोलची (साइट गुगलवर कुठल्या शोधाला दिसते, किती क्लिक येतात हे दाखवणारं गुगलचं साधन) मालकी मिळाली. आधीच्या एजन्सीने ती स्वतःच्या खात्यावर ठेवली होती, पण डोमेन काकांच्या नावावर असल्यामुळे पुन्हा पडताळणी करून आत शिरलो. फायदा असा की मागचा डेटा शाबूत आहे. कन्सोल १६ महिन्यांपर्यंतचं दाखवतं, म्हणजे २०२१ चा अख्खा हंगाम हातात आला.

गेल्या आठवड्यात गुगलवरून आलेले क्लिक ६१. ऑक्टोबरात हापूस कोण शोधतो म्हणा.

साइटची अवस्था: मुख्य पानाचं शीर्षक ‘होम’. आंब्याचे फोटो मोबाइलवरून थेट चढवलेले, एकेक चार-पाच एमबीचा. ‘आमच्याविषयी’ या पानावर नमुना मजकूर तसाच. पत्ता तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा. दोन आठवडे नुसती झाडलोट करावी लागेल.

९ नोव्हेंबर

दिवाळीमुळे चार दिवस खाडा. फोटो आटोपले, शीर्षकं बदलली. गुगल माय बिझनेसचं नाव आता बिझनेस प्रोफाइल झालंय, वहिनींना तेवढ्यासाठी तीनदा फोन करावा लागला.

एसटीचा संप. हंगामापर्यंत मिटला नाही तर पेट्या खाजगी बसनेच पाठवाव्या लागतील, वहिनींना आत्तापासून तीच काळजी. ‘पोहोच किती दिवसांत’ हे पान त्यामुळे अर्धवट ठेवलंय.

२४ नोव्हेंबर

रँक २९ लाख! महिन्याभरात बारा लाखांनी खाली. काकांनी व्हॉट्सॲपवर तीन अंगठे पाठवले.

गुगलचा कोअर अपडेट, म्हणजे निकाल लावायच्या पद्धतीतला मोठा बदल, १७ तारखेपासून चालू आहे. आठवड्याचे क्लिक मात्र ५८. अपडेटमुळे क्लिक हलायला हवे होते, रँक नव्हे. हललं उलटंच. ‘हंगाम नाही म्हणून असेल’ असं स्वतःला समजावलं आणि पुढे गेलो.

३ डिसेंबर

परवा आणि काल कोकणात अवकाळी पाऊस. मे महिन्यात तौक्ते वादळाने झोडपलेली बाग नुकती सावरत होती. काका म्हणाले, मोहोर आता मागे पडणार. म्हणजे माझं वेळापत्रकही मागे पडणार.

९ डिसेंबर

काल अलेक्साच्या साइटवर सूचना लागली: १ मे २०२२ पासून सेवा बंद. नवीन वर्गणी घेणं कालपासूनच थांबवलं आहे.

दोनदा वाचली. माझ्या कलमाची तारीख ३० एप्रिल, म्हणजे हप्ता ठरणार त्याच्या दुसऱ्या दिवशी मोजपट्टीच मोडीत निघणार. हंगाम ऐन भरात असताना.

काकांना फोन केला. पहिला प्रश्न: “कुठली? ती गाणी लावता ती?” नाही हो. ती बोलणारी अलेक्सा २०१४ मध्ये आली. ही त्याआधीची, १९९६ ची; नाव ठेवलं अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून. ब्रूस्टर केल आणि ब्रूस गिलिएट यांनी सुरू केली. केल यांनी त्याच वर्षी इंटरनेट आर्काइव्हही उभं केलं, आणि जुन्या साइट बघायला आपण जे वेबॅक मशीन वापरतो त्यात अलेक्साने गोळा केलेल्या पानांचा मोठा वाटा आहे. ॲमेझॉनने ती १९९९ मध्ये घेतली. एवढं सगळं ऐकून काका म्हणाले, “मगे ॲमेझॉनाक ती नको झाली, आणि आपणाक व्हयी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कराराचा विषय काढला नाही. काढायला हवा होता.

माझ्या पिढीने या आकड्यावर बरीच वर्षं पोट भरलंय. दहा वर्षांपूर्वी पुण्यात ज्या ऑफिसात होतो तिथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी मिळायच्या, चहाचा कप आणि अलेक्साचा टूलबार. सगळ्यांनी टूलबार लावून कंपनीची साइट उघडायची, असा दंडकच होता. गुगलच्या टूलबारातली पेजरँकची (गुगलने पानाला दिलेल्या गुणांची) हिरवी पट्टीही तेव्हा ग्राहकांना दाखवायचो. ती २०१६ मध्ये गेली. तेव्हाही वाटलं होतं, आता काय दाखवायचं?

२० डिसेंबर

रँक १७ लाख. क्लिक ६३.

आता मात्र खटकतंय. दोन महिन्यांत रँक निम्म्याहून खाली आणि गुगलवरून येणारी माणसं जिथल्या तिथे. बरं, फेसबुकवरून येतायत म्हणावं तर ॲनालिटिक्समध्ये (साइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं गुगलचं साधन) तेही नाही. मग अलेक्साला दिसतंय कोण?

१२ जानेवारी २०२२

सापडलं. लाज वाटण्यासारखं आहे, पण नोंद पूर्ण करतो.

एका मित्राच्या लग्नाची साइट मी २०१९ मध्ये बनवून दिली होती. लग्न लागलं, साइट तशीच राहिली; नवीन डिझाइन करून बघायला मी ती वापरतो. तिथे माझ्याशिवाय कुणी फिरकत नाही, नवरा-नवरीसुद्धा नाही. आज सहज नजर गेली. एक्स्टेन्शनमध्ये त्या साइटचा रँक १९ लाख.

म्हणजे एकट्या माझ्या जिवावर एका संपलेल्या लग्नाने जगातल्या कोट्यवधी साइटना मागे टाकलं.

मग काकांच्या साइटचा सर्व्हर लॉग, म्हणजे कोणत्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) कोणतं पान उघडलं याची नोंद, उघडला. माझा आयपी आणि वहिनींचा आयपी वेगळे काढले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आम्ही दोघांनी मिळून रोज साठ-सत्तर पानं उघडली आहेत: मजकूर बदल, जतन कर, पान पुन्हा बघ, वहिनी तिकडून बघणार, पुन्हा बदल. ॲनालिटिक्समध्ये मी आमचे दोन्ही आयपी पहिल्याच दिवशी वगळले होते, म्हणून तिथे ही गर्दी दिसली नाही. एक्स्टेन्शन असा भेद करत नाही. त्याला दिसले दोन निष्ठावान वाचक, जे हापूसच्या साइटवर रोज तळ ठोकून बसतात.

अलेक्साची रीतच तशी आहे. ज्यांच्या ब्राउझरमध्ये त्यांच्यासाठी माहिती गोळा करणारं एक्स्टेन्शन आहे, त्यांच्यापुरतं जग त्यांना दिसतं. त्यातून रोजचे सरासरी पाहुणे आणि पाहिलेली पानं घ्यायची, मागच्या तीन महिन्यांवर पसरायची आणि सगळ्या साइट ओळीने उभ्या करायच्या. पैसे भरून साइटवर त्यांचा कोड बसवला तर थेट मोजणी, नाहीतर अंदाज. ओळीच्या पुढच्या टोकाला, जिथे लाखो माणसं येतात, तिथे हा अंदाज बरा चालतो. मागच्या टोकाला माणसं इतकी विरळ की दोन एक्स्टेन्शनवाले आले तरी साइट लाखांनी पुढे सरकते. एक लाखाच्या पलीकडचा रँक भरवशाचा धरू नका, असं खुद्द अलेक्साच सांगत आलंय. आमचा करार त्याच्या दहापट पलीकडे उभा.

हे माझंच अज्ञान आहे असंही नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी इतरांबरोबर मिळून २०१९ मध्ये ट्रँको नावाची यादी काढली. वेगवेगळ्या रँक-याद्या एकत्र करून त्यांची ३० दिवसांची सरासरी घ्यायची, म्हणजे फसवणं अवघड जावं. त्यांच्या त्या शोधनिबंधात दाखवलंय की अलेक्साच्या यादीतलं स्थान बदलायला वेबवरची एक विनंतीही पुरते. एक! आम्ही दोघं रोज सत्तर पाठवत होतो.

दुपारी दोन्हीकडून एक्स्टेन्शन काढून टाकलं. भाकीत लिहून ठेवतो, नंतर तपासायला बरं: सरासरी तीन महिन्यांची असल्यामुळे आमची पावलं १२ एप्रिलपर्यंत हिशेबात राहतील. तोवर रँक हळूहळू घसरत, म्हणजे आकडा वाढत, जाईल, हंगाम चढत असतानाही.

आजचा रँक: १२ लाख ८० हजार. एक्स्टेन्शन राहू दिलं असतं तर महिन्याभरात १० लाखांच्या आत आलो असतो आणि हप्ता खिशात. हा विचार दुपारभर डोक्यात होता, तोही लिहून ठेवतो.

१३ जानेवारी

काकांना सगळं सांगितलं. आधी बराच वेळ गप्प. मग:

“म्हणजे आपणच आपल्या दुकानात ये-जा केली आणि तेका गिऱ्हाईक म्हटला?”

हो काका.

“ता तुझा गणित माका कळना नाय. वाशीक भाव काय चललो ता दलाल फोनवर सांगताच. पट्टी येवक व्हयी.”

पट्टी म्हणजे माल विकल्यावर दलाल पाठवतो तो हिशेबाचा कागद. किती पेट्या, काय भाव, हमाली-तोलाई किती कापली. मी विचारलं, साइटची पट्टी कोणती धरायची? फोन तिकडे वहिनींकडे गेला. वहिनी मूळच्या साताऱ्याकडच्या, बोलायला रोखठोक: “मी नव्या माणसाला विचारते ना, आमचा नंबर कुठून मिळाला. ते लिहून ठेवू का?”

ठरलं. वहीत नव्या माणसापुढे एक अक्षर. ग म्हणजे गुगल, फ म्हणजे फेसबुक, ओ म्हणजे ओळखीतून. विचारणा करणारा प्रत्येकजण लिहायचा, पेटी घेवो न घेवो. कलम बदललं, संध्याकाळी ईमेल गेला: ३१ मेपर्यंत वहीत ‘ग’ची नवी गिऱ्हाइकं १०० झाली तर तिसरा हप्ता.

हीसुद्धा अचूक मोजणी नाही. माणूस गुगलवर बघतो, आठवडाभर विसरतो, मग भावाकडून नंबर घेतो आणि ‘भावाने दिला’ म्हणतो. पण या वहीत मी स्वतः पाय टाकून आकडा वाढवू शकत नाही.

सिमिलरवेबही उघडून बघितलं, बदली म्हणून. आमच्या साइटसाठी उत्तर: पुरेसा डेटा नाही. हे उत्तर मला आवडलं. अलेक्साने मात्र आमच्या साइटला आकडा दिलाच.

२९ जानेवारी

मोठं काम हातावेगळं केलं: ‘देवगड हापूस कसा ओळखावा’ हे पान. कन्सोलमध्ये गेल्या हंगामात याच अर्थाचे वीसेक शोध होते आणि साइटवर त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. पातळ साल, केशरी गर, देठाशी येणारा वास, कर्नाटकातून हापूस म्हणून येणाऱ्या फळाशी तुलना, आणि २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोणते पाच जिल्हे येतात. काकांनी फोनवर तासभर सांगितलं, मी टाइप करत गेलो. कापलेल्या फळाचे फोटो गेल्या वर्षीचेच वापरावे लागले; यंदाचं फळ अजून सुपारीएवढं.

गंमत शोधांच्या लेखनात आहे. देवनागरीत ‘हापूस’, ‘हापुस’. रोमन लिपीत तर त्याची पाच-सहा रूपं. शिवाय अल्फान्सो, अल्फोन्सो. पुणे-मुंबईची माणसं भाव विचारतात, ‘पेटी’ हा शब्द असतोच. बंगळूर-हैदराबादकडून येणारे ‘ऑनलाइन’ आणि ‘डिलिव्हरी’ लिहितात. पेटी म्हणजे नक्की किती डझन, हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी एक परिच्छेद वाढवला.

रँक १४ लाख. घसरण सुरू.

१७ फेब्रुवारी

वहिनींचा घाबरा फोन. कन्सोलचं ॲप त्यांनीही घेतलंय. “सरासरी स्थान ८ होतं, ते ३२ झालं. आपण खाली गेलो का?”

नाही. उलट. हे त्यांना कागदावर मांडून, फोटो काढून पाठवलं, ते इथेही उतरवतो. समजा आधी आपण ‘देवगड हापूस’ या शोधावर शंभर वेळा दिसायचो, आठव्या जागी. सरासरी ८. आता नवं पान आलं, त्यामुळे ज्या शोधांवर आपण पूर्वी दिसतच नव्हतो तिथे तीनशे वेळा दिसलो, पण चाळिसाव्या जागी. शंभर गुणिले आठ, आठशे. तीनशे गुणिले चाळीस, बारा हजार. बेरजेला चारशेने भागा: ३२. जुनी जागा तसूभर हललेली नाही. वर्गात तीस नवी पोरं आली म्हणून सरासरी उतरली, आपलं पोरगं तिथंच आहे.

म्हणून सरासरी स्थान अख्ख्या साइटचं बघायचं नाही. एक शोध, एक पान, मोबाइल वेगळा, आणि तेही आठवड्यांची तुलना करून.

क्लिक या आठवड्यात २४०. रँक १९ लाख.

७ मार्च

वहिनी देवगडात बसून शोधतात तेव्हा साइट पहिली. मी कोथरूडमधून शोधतो तेव्हा दुसऱ्या पानावर. पुतण्याने मुंबईत बघितलं तर सहावी. तिघंही खरं बोलतायत. गुगल ठिकाण बघून निकाल बदलतं, शिवाय वहिनी स्वतःच्या साइटवर सारख्या जातात हेही त्याला माहीत आहे. त्यांना सांगितलं, आपल्याच घरून शोधून खूश व्हायचं नाही. (हे सांगणारा मी, जानेवारीपर्यंत स्वतःच रँक वाढवणारा.)

१७ मार्च

कालच गुगलने जाहीर केलं: जुनं ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणार नाही, सगळ्यांनी नव्यावर जायचं. आणखी एक मोजपट्टी गेली. नव्याचा कोड आजच बसवला, दोन्ही शेजारी शेजारी चालू देत.

पहिली पेटी परवा निघाली. आढीत अजून फार काही नाही.

३ एप्रिल

काल पाडवा. वहिनींचा फोन सकाळी सातपासून वाजत होता. वहीच्या एका दिवसाच्या पानावर १४ ‘ग’.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातले क्लिक ९१२. अलेक्सा रँक ३१ लाख.

हे दोन आकडे एकाखाली एक लिहिताना हसू आलं. गेल्या ऑक्टोबरपासून साइटवर इतकी माणसं कधीच आली नव्हती आणि रँकच्या मते आम्ही बुडत चाललोय. आता येणारी ही माणसं मोबाइलवरून येतात, दहात आठ तरी. मोबाइलच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाही. अलेक्साला ती दिसणार कशी?

१२ एप्रिल

आमच्या पावलांचा आज शेवटचा दिवस. रँक ३४ लाख. जानेवारीतलं भाकीत बरोबर निघालं. त्याने पोट भरत नाही, पण बरं वाटलं.

फळ कमी, भाव चढा. डिसेंबरच्या पावसाने पहिला मोहोर गेला तो भरून निघालाच नाही.

२ मे

कालपासून अलेक्सा बंद. पान उघडलं तर फक्त निरोप. ३० एप्रिलचा आमचा शेवटचा रँक २७ लाख ४० हजार; आमची पावलं निघून गेल्यावर खऱ्या माणसांनी आणलेला. जुनं कलम असतं तर हप्ता गेला असता.

महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत एप्रिलचा हिशेब मांडला. गेल्या एप्रिलमध्ये गुगलवरून क्लिक ५,९००, या एप्रिलमध्ये ६,४००. वरवर बघता आठ टक्क्यांची वाढ. सहा महिन्यांच्या कामाला एवढंच?

पण तुलना धड नाही. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदी होती, माणसं घरात अडकलेली, आंबा ऑनलाइनच मागवायची. काकांच्या साइटची लिंक तेव्हा सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फिरली होती. ती माणसं गुगलवर येऊन थेट काकांच्या बागेचं नाव टाकायची. ते क्लिक गुगलवरचे खरे, पण कमाई ओळखीची. म्हणून शोध दोन भागांत वाटले. बागेच्या नावाने आलेले: गेल्या वर्षी ३,१००, यंदा १,९००. नाव माहीत नसताना, ‘देवगड हापूस पेटी भाव’ वगैरे शोधून आलेले: गेल्या वर्षी १,४००, यंदा २,९००. बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही, कारण फार थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल गोपनीयतेसाठी दाखवत नाही; ती तूट दोन्ही वर्षांत आहे.

माझं काम दुसऱ्या भागात दिसायला हवं, तिथे दुपटीहून जास्त आहे. पहिल्या भागातली घट टाळेबंदी उठल्याची. हे काकांना एका वाक्यात कसं सांगायचं? “ओळखीचे लोक बाजारात जाऊन घेतायत, अनोळखी आपल्याकडे येतायत.” हे त्यांना पटलं. “अनोळखी पैसे आगाऊ देतत,” एवढंच म्हणाले.

४ मे

काल अक्षय्य तृतीया. साइटवर दुपारी बारा वाजता ‘आजचा माल संपला’ अशी पाटी लावावी लागली. वहिनींनी वहीत नवीन खूण काढलीय: ‘ग’ला काट. म्हणजे गुगलवरून आला, विचारलं, पेटी देता आली नाही.

मागणी आणून दिली आणि द्यायला फळ नाही. दोन दिवस मलाच अपराध्यासारखं वाटतंय, जसं काही पाऊस मी पाडला.

२६ मे

गुगलचा नवा कोअर अपडेट कालपासून. संपायला दोन आठवडे लागतील. तोवर हंगाम आटोपलेला असेल, त्यामुळे क्लिक खाली आले तर ते अपडेटमुळे की आंबा संपल्यामुळे, हे सांगता येणार नाही. यातून काही निष्कर्ष काढायचा नाही, असं शीटमध्ये ठळक लिहून ठेवलं. सप्टेंबरात विसरलेलो असेन.

११ जून

अपडेट परवा संपला. पाऊस आला. वहिनींनी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवले, तीन पानांवर आंब्याच्या रसाचे डाग.

३१ मेपर्यंत ‘ग’ एकूण १४३. त्यातल्या ५५ ‘ग’ला काट. म्हणजे पेट्या गेल्या त्या ८८ जणांना. कलमात लिहिलंय ‘नवी गिऱ्हाइकं’, आणि विकत घेतो तोच गिऱ्हाईक म्हटलं तर शंभराला बारा कमी पडतात. हा घोळ जानेवारीत माझ्या लक्षात यायला हवा होता. विचारणा लिहायच्या हे तोंडी ठरलं, ईमेलमध्ये आलंच नाही.

काकांना मीच सांगितलं. म्हणाले, “विचारूक इलो तो ‘ग’. आंबो नव्हतो हो माझो दोष, तुझो नाय.” संध्याकाळी पैसे जमा.

शीटमधला अलेक्साचा रकाना लपवून ठेवला. पुसायला गेलो तर पुढच्या दोन सूत्रांत चूक यायला लागली.

वहीत जूनचं एकच पान आहे. त्यावर ६ तारखेला एक नोंद: गुगलवरून आलेला माणूस, हैदराबादचा, विचारतोय कापा फणस मिळेल का. साइटवर फणसाचा कुठे उल्लेख नाही, फक्त एका फोटोत मागे झाडाला लटकलेले दिसतात. वहिनींनी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह काढलंय आणि बाजूला लिहिलंय, ‘हा धरायचा का?’

धरा म्हटलं. आणि पत्ता घेऊन ठेवा.